नावापुढचे दोन तारे

मराठी माणसाला आपल्या नावाचा अभिमान फार. पण ते नाव आपल्या एकट्याच्या मालकीचे नाही, ही गोष्ट सरकारी यादीवर बोट फिरवू लागल्यावरच त्याच्या ध्यानात येते. मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी २० नोव्हेंबर २०२५ रोजी मतदारांची प्रारूप यादी प्रसिद्ध झाली. तीत १ कोटी ३ लाखांहून अधिक नावे होती, आणि त्यांपैकी सुमारे ११ लाख नोंदी ‘संभाव्य दुबार’ म्हणून वेगळ्या काढलेल्या होत्या. कोणाचे नाव दोनदा, कोणाचे तीनदा, आणि एका नावाची मजल तर १०३ वर गेलेली! अशा नावांपुढे दोन दोन तारे छापण्यात आले. उपाहारगृहाच्या पाटीवर तारे वाढले की गिऱ्हाईक रुबाबात आत शिरते. यादीतले तारे मात्र असे, की ज्याच्या नावापुढे ते उगवले त्याला शेजाऱ्यांनी जरा तिरक्या नजरेनेच पाहावे.

आणि तसे पाहिलेही. दुसऱ्या दिवसापासून शहरभर एकच बोली सुरू झाली, ‘अकरा लाख बोगस!’ ‘संभाव्य’ हा शब्द कोणी उच्चारीना. ११ लाख ही नोंदींची संख्या, माणसांची नव्हे, हे कोणी सांगेना. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही एकमेकांपुढे दुबार नावांच्या याद्या नाचवल्या. आपली यादी तेवढी खरी आणि दुसऱ्याची तेवढी खोटी असा दोघांचाही दावा. यादीत घोळ नव्हता असे मी म्हणत नाही. लोक घर बदलतात, नव्या जागी नाव घालतात आणि जुन्या जागचे काढायचे विसरतात. मुंबईसारख्या भाडेकरूंच्या शहरात अशी नावे हजारोंनी साचणारच. काही नावे लबाडीने घातलेलीही असतील. ती शोधून काढावीत, जरूर काढावीत. माझे भांडण आहे ते एका शब्दाशी. ‘दुबार नाव’ आणि ‘दुबार माणूस’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीवरून दुसरीकडे उडी मारण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या पुराव्यावर, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मी गोराईत राहून विचारतो, याला कारण आहे. नावांचा हा गोंधळ समजून घ्यायला गोराईसारखी दुसरी शाळा नाही. पहिली गंमत म्हणजे खुद्द ‘गोराई’ हे नावच दुबार आहे. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, एक गोराई आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली जी योजना हाती घेण्यात आली, तीत म्हाडाने भूखंड पाडून वसवलेली ही वसाहत. आणि खाडीच्या पलीकडे, होडीतून उतरल्यावर लागते ते आमचे जुने गाव गोराई. एकीकडे प्लॉट नंबर, दुसरीकडे पाखाड्या. परगावच्या पाहुण्याने रिक्षावाल्याला नुसते ‘गोराई’ म्हणावे आणि फराळाच्या डब्यासह भलत्याच गोराईत उतरावे, हे दर दिवाळीत घडते. पाहुणा निदान फोन करतो. कागद फोन करीत नाही.

आता माणसांकडे वळू. आमच्या गावात ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरे पुष्कळ. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यानंतर साष्टीत धर्मांतरे झाली, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव नव्या ख्रिस्त्याला मिळू लागले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण त्यांची आडनावे आमच्याकडे राहिली. याचा परिणाम असा, की एकाच गावात पाच घरे परेरा असली तरी त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही. नावेही संतांची: जोसेफ, अँथनी, फ्रान्सिस, मेरी. शिवाय आजोबाचे नाव नातवाला द्यायची चाल. एका आजोबाला चार मुलगे असले की चुलत भावांत दोन-दोन, तीन-तीन नातू एकाच नावाचे निघतात. हिंदू कोळ्या-भंडाऱ्यांकडे तरी वेगळे काय आहे? गणपत, हरिश्चंद्र, नामदेव. आणि आडनाव कोळी किंवा पाटील. तिथेही आजा नातवात परत येतोच.

मग गाव चालते कसे? फार चांगले चालते. कारण गाव कधीच नुसते नाव विचारीत नाही. गाव विचारते, ‘कुणाचा रे तू?’ मग पाखाडी विचारते, मग आईचे माहेर. शेवटी घराण्याचे टोपणनाव बाहेर पडते, जे कोणत्याही कागदावर नसते आणि जे सगळ्यांना पाठ असते. इतके झाल्यावर पोरगा कोणाचा हे ठरते. चार प्रश्नांत निकाल. नाव हा त्यातला पहिला प्रश्न, आणि सगळ्यात कमी उपयोगाचा!

कचेरीत नेमके उलटे होते. वही गेली आणि एक्सेलचा तक्ता आला. या तक्त्यात ‘व्हीलुकअप’ नावाचे एक सूत्र असते. कारकून मंडळींचे ते फार लाडके. एका यादीतले नाव घेऊन ते दुसऱ्या यादीत वरून खाली शोधत जाते आणि पहिले तंतोतंत जुळणारे नाव सापडताच तिथेच थांबते. खाली त्याच नावाचे आणखी चार जण उभे असले तरी त्यांची विचारपूस करीत नाही. शंका घेत नाही, तांबडी खूण करीत नाही, घंटी वाजवीत नाही. पहिल्याच्या पुढचा आकडा उचलते आणि आणून ठेवते. म्हणजे यादी पत्त्याप्रमाणे लावली असेल तर एकाचे पैसे मिळतील, वयाप्रमाणे लावली असेल तर दुसऱ्याचे. न्याय कोणाला मिळावा हे कोण ठरवतो, तर यादी कोणत्या रकान्याने लावली तो रकाना! बिनचूक काम म्हणून संगणकाचे कौतुक करणाऱ्यांनी हे एकदा स्वतः करून पाहावे. पाच ओळी पुरतात.

हेच यंत्र दुसऱ्या बाजूने इतके चिकट, की एका माणसाचे दोन करून टाकील. डिसोजा, डिसोझा, डिसूझा, डी सोजा ही त्याला चार माणसे. रोमन लिपीत लिहायला जावे तर मध्ये तो टिंबासारखा स्वल्पविराम वर लटकतो. तो सरळ टाइप झाला की एक माणूस, वाकडा झाला की दुसरा. नावाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली, जी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, तरी नाव जुळत नाही. लग्न झालेल्या बाईचे तर विचारूच नका. माहेरचे नाव एका यादीत, सासरचे दुसऱ्या यादीत, आणि मधले नाव कधी बापाचे तर कधी नवऱ्याचे. म्हणजे दोन निराळ्या माणसांना एक मानायला हे यंत्र एका पायावर तयार, आणि एकाच माणसाला एक मानायला मात्र तयार नाही.

याचा भुर्दंड कोणाला बसतो ते सांगतो. आमच्याकडच्या एका म्हातारीचे मासिक अनुदान एकदम बंद झाले. तिच्याच नावाची, तिच्याच वयाची दुसरी एक बाई वारली होती. एका कार्यालयाने मृतांची यादी आणि लाभार्थींची यादी समोरासमोर ठेवली, सूत्र फिरवले आणि जिवंत म्हातारीला मृतांत जमा केले. तिला घेऊन मी त्या कार्यालयात गेलो.

“मावशी, यादीप्रमाणे तुम्ही वारला आहात,” कारकून म्हणाला. मुलगा सभ्य होता.

“मग आता बोलतंय कोण, बाळा?”

“ते खरं. पण हयातीचा दाखला आणावा लागेल.”

हयातीचा दाखला आणला. मग मृत झालेली बाई ती नव्हे असे प्रतिज्ञापत्र आणले. खाडी ओलांडून चार खेपा झाल्या आणि सहा महिने गेले. यंत्राने जे एका क्षणात केले ते निस्तरायला म्हातारीचे सहा महिने! आणि एवढ्या काळात तिच्याकडे पुरावे मागणाऱ्यांपैकी एकालाही कोणी असे विचारले नाही, की बाबा, या दोघी एकच आहेत याचा तुझ्याकडे काय पुरावा होता? नाव जुळले, एवढाच. माझा खरा संताप इथे आहे. आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा, हा साधा न्याय चोराच्या खटल्यातही पाळला जातो. यादी जुळवणारा मात्र आरोप करून मोकळा होतो आणि पुरावा आणायचा तो आरोपीने, तोही स्वतः जिवंत असल्याचा.

कोणी म्हणेल, नुसत्या नावाने कोण जुळवतो? वयही पाहतात. वाचकहो, या ‘वयही’चे गणित जरा करून पाहा; फराळ पचायला मदत होईल. मतदार यादीत जन्मतारीख छापत नाहीत, पुऱ्या वर्षांत वय छापतात. समजा, एका विभागात एकाच नावाची दहा माणसे आहेत, आणि त्यांची वये १८ ते ८२ या ६५ वर्षांत अगदी सारखी विखुरलेली आहेत. दहांतल्या कोणत्या तरी दोघांचे वय तेच निघण्याची शक्यता किती? पटकन उत्तर द्यायचे तर कोणीही ‘फार थोडी’ म्हणेल. ती निम्म्याहून थोडी अधिक आहे. कारण दहा माणसांच्या जोड्या ४५ होतात आणि जुळायला एक जोडी पुरते. तेवीस जणांच्या मेळाव्यात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्यावर जाते, हे कोडे पुष्कळांनी ऐकले असेल. त्याचाच हा धाकटा भाऊ. आणि वये तरी सारखी विखुरलेली कुठे असतात? नावांनाही फॅशन असते. एका पिढीत सगळे सुरेश, दुसरीत सगळे संतोष. म्हणजे जुळण्याची शक्यता आणखी वाढली.

बरे, पुरी जन्मतारीख घ्या. महाराष्ट्रात तिचीही मौज आहे. मागच्या पिढीतल्या किती जणांचा जन्म १ जूनचा आहे हे आपल्या घरातच मोजा. जूनमध्ये शाळा उघडे, बाप मुलाला घेऊन येई, जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे, आणि गुरुजी वयाचा हिशेब बसेल अशा बेताने १ जून टाकीत. त्या गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांनी हजारो पोरांना शाळेत घेतले. पण आज नाव, आडनाव आणि १ जून एवढे जुळले म्हणून दोन म्हाताऱ्यांना कोणी एक म्हातारा ठरवू लागला, तर तो जुळवणारा गुरुजींच्या दौतीतली शाई जुळवतो आहे.

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या थाटाने झाला. २००५ साली कॅन्सस राज्याने पुढाकार घेऊन ‘क्रॉसचेक’ नावाची योजना सुरू केली. निरनिराळ्या राज्यांच्या मतदार याद्या एकत्र आणायच्या, नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की ‘दुबार’ म्हणून कळवायचे. शरद गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या आकड्यांचा अभ्यास केला. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. नावे वगळण्याची जी एक पद्धत सुचवलेली होती, ती पाळली असती तर दुबार मतासाठी वापरलेल्या एका नोंदीमागे सरळ मतासाठी वापरलेल्या सुमारे ३०० नोंदी कापल्या गेल्या असत्या. एका उंदरासाठी तीनशे पोती धान्य जाळायचे, असा हा हिशेब.

याद्या जुळवण्याचे शास्त्र नाही असे समजू नका. ते चांगले पिकलेले शास्त्र आहे. हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली प्रत्येक माणसाच्या आयुष्याचे एक पुस्तक कल्पिले. पहिले पान जन्माचे, शेवटचे मृत्यूचे, आणि ही विखुरलेली पाने एकत्र बांधणे म्हणजे नोंदींची जुळणी. १९५९ साली कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब यांनी विवाहाच्या आणि जन्माच्या नोंदी यंत्रावर जुळवून दाखवल्या. आणि १९६९ साली तिथल्याच सांख्यिकी खात्यातल्या फेलेगी आणि संटर यांनी या सगळ्याला गणिताची बैठक दिली. त्यांच्या शास्त्रातल्या दोन गोष्टी आमच्या गावाने ऐकल्या असत्या तर ‘यात नवे काय?’ असे विचारले असते. पहिली ही, की नाव जुळण्याची किंमत ते नाव किती दुर्मीळ यावर ठरते. गोराईत दोन परेरा जुळले तर काहीच सिद्ध होत नाही. वाईत जुळले तर थांबून पाहावे. सदाशिव पेठेत दोन कुलकर्णी म्हणजे नुसती रहदारी, पण आमच्या पाखाडीत दोन कुलकर्णी निघाले तर ती बातमी! दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्यांनी ढीग दोन केले नाहीत, तीन केले. जुळलेले, न जुळलेले, आणि सांगता येत नाही असे. हा तिसरा ढीग माणसाने डोळ्यांखाली घालायचा. यंत्राच्या त्या पुरस्कर्त्यांनीच यंत्राला ‘मला ठाऊक नाही’ म्हणायची मोकळीक दिली होती. आमच्या कचेऱ्यांनी यंत्र घेतले आणि ती मोकळीक काढून घेतली.

मुंबईच्या यादीपुरते एक श्रेय द्यायला हवे. राज्य निवडणूक आयोगाने तारांकित नावांना सरसकट काट मारली नाही. नाव, लिंग, पत्ता आणि छायाचित्र ताडून पाहावे, साम्य दिसले तर प्रत्यक्ष चौकशी करावी, असा आदेश दिला; आणि ज्याची चौकशी राहिली त्याच्याकडून मतदान केंद्रावर हमीपत्र घेण्याची सोय ठेवली. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. म्हणजे तिसरा ढीग इथे होता. पण तो जाहीर करताना त्याला ‘दुबार’ असे नाव दिले गेले, आणि नाव दिले की बारसे झालेच. ‘नामसाम्य’ हा सरळ मराठी शब्द घरात असताना ‘दुबार’ कशाला हवा होता? नामसाम्य म्हटले असते तर कोणी कोणाला चोर म्हटले नसते, आणि मोर्च्यांच्या फलकांवर तो शब्द बसलाही नसता.

या सगळ्यावर एक रामबाण उपाय कायम सुचवला जातो. प्रत्येकाला एक क्रमांक द्या, कटकट मिटेल! क्रमांक चांगला, मी त्याच्या विरुद्ध नाही. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीसाठी असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर तो चूक पकडतो. नावाला असली शेपटी नसते. परंतु क्रमांक वाटणारेही माणसेच. मतदार ओळखपत्राचा क्रमांक हा तर एकमेव असायला हवा ना? निरनिराळ्या राज्यांतल्या काही मतदारांना तोच क्रमांक दिला गेल्याचे केंद्रीय निवडणूक आयोगाला मार्च २०२५ मध्ये सांगावे लागले. प्रत्येक राज्याने आपापल्या मालिका आपापल्या हाताने वाटल्या होत्या, त्याचे हे फळ. शिवाय क्रमांक दोन्ही याद्यांत असेल तरच उपयोगाचा. १९५१ सालच्या वहीत तो कोठून येणार? आसामात नागरिक नोंदवहीसाठी लोकांना आपले आजे-पणजे जुन्या याद्यांत शोधावे लागले; ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. २०२५ पासून बिहार आणि मग इतर राज्यांत मतदार याद्यांचे जे विशेष सखोल पुनरीक्षण चालू झाले, त्यातही वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीशी आजचे नाव जोडायचा प्रश्न आलाच. तिथे पुन्हा नाव, बापाचे नाव आणि गाव. तेव्हा क्रमांकाचा मंत्र म्हणून नावाचे भूत उतरत नाही.

आपल्याकडे हे काम नीट करणारी माणसे शतकानुशतके होती. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. नुसते ‘देशपांडे’ म्हणून भागत नाही. मूळ गाव कोणते, आजोबा कोण, भाऊबंद कोण, हे विचारून मग नेमकी वही उघडतात आणि तुमच्या पणजोबाची सही तुमच्यापुढे ठेवतात. आमच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही घ्या. मुलाच्या नावाबरोबर बाप, आई आणि धर्ममातापिता. पुढे तो मुलगा मोठा होऊन भलत्याच गावी लग्न करतो तेव्हा तिकडून कळवतात, आणि त्याच जुन्या नोंदीच्या समासात लग्नाची नोंद होते. दोन याद्या कधी वेगळ्या पडतच नाहीत. यात विजेचा दिवासुद्धा लागत नाही, लागते ती एका माणसाची सही. ही नोंद याच माणसाची, मी विचारून खात्री केली, अशी.

आता शासनाने एक चांगली गोष्ट केली आहे. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात सरकारी कागदांवर आईचे नाव घालायचे, असा निर्णय २०२४ साली झाला. तो आईच्या मानासाठी झाला. पण एकाच बापाच्या नावाचे, एकाच आडनावाचे दोन अँथनी वेगळे पाडायला याहून सोपे साधन नाही. मात्र ही मुले मतदार होणार २०३२ पासून. तोवर आमच्यासारख्या जुन्या लोकांनी काय करायचे? आमच्या आयांना नावे नव्हती काय? मतदार यादीत, लाभार्थींच्या यादीत, घरपट्टीच्या वहीत आईच्या नावाचा एक रकाना आजच घालता येतो. आमच्या गावापुरता पाखाडीचाही घाला. आणि ज्याने दोन नोंदी एक ठरवल्या, त्याचे नाव आणि तारीख त्या नोंदीपुढे छापा. तारे माझ्या नावापुढे छापता, मग जुळवणाऱ्याचे नाव झाकून का ठेवता? नाव वगळायचे असेल तर आधी माणूस पाठवा, मग नोटीस, मग मुदत, आणि मग पेन उचला. खर्च येईल असे म्हणू नका. आमच्या म्हातारीच्या चार खेपांचा खर्च कोणी धरला होता काय?

आणि ज्याला याद्या जुळवायच्या आहेत त्याला गोराई काही लांब नाही. बोरिवलीच्या जेट्टीवरून होडी सुटते, खाडी चार-पाच मिनिटांची. पलीकडे उतरल्यावर भेटेल त्या पहिल्या माणसाला यादीतले कोणतेही नाव वाचून दाखवावे. तो नावाला उत्तर देणार नाही, तो उलट विचारील, “कुठल्या पाखाडीतला?”